अक्काच्या हातचे सांधे

पाण्यात कार्बाईड पडून वेल्डिंगचा गॅस सुटला की लसणासारखा जो उग्र दर्प उठतो, तो बहुतेकांना नकोसा होतो. मला त्या दर्पाबरोबर एक निळसर, स्थिर उजेड आठवतो आणि त्या उजेडात ओणवी बसलेली एक बाई. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर पुरुषी मापाचा काळा चष्मा आणि तो घसरू नये म्हणून मागे बांधलेली सुतळी. उजव्या हातात ज्योत, डाव्यात बारीक तार. ज्योत आधी पिवळी, धुरकट, स्वैर भडकायची. मग ती बाई गॅसची चावी किंचित फिरवायची आणि पाहता पाहता त्या भडक्याची एक टोकदार, निळी-पांढरी कळी होऊन जायची. आवाजही पालटायचा. फडफड शमून एक अखंड सुस्कारा उरायचा, आणि तो कानांत भरला की ती मान कलती करून क्षणभर ऐकायची. गवई तंबोरा जुळला की नाही ते ऐकतो तशी. मगच लोखंडाला ज्योत लागायची.

तिचं नाव द्वारका. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणत असे. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे तिच्या वडिलांचं, सुपडू मिस्त्रींचं, पत्र्याचं छोटं दुकान होतं. कार्बाईड विझल्यावर जो पांढरा चिखल उरतो, त्यानेच त्या दुकानाच्या भिंती दर दिवाळीला सारवलेल्या असत. त्यामुळे लोखंडाचं दुकान असूनही आत शिरताना एखाद्या स्वच्छ, शुभ्र देवघरात शिरल्यासारखं वाटे.

मी तेव्हा एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या भाड्याच्या घरामागे परस होतं आणि त्या परसात माझ्या पत्नीचा, सुमतीचा, सारा जीव गुंतलेला होता. जाईची वेल, दोडक्याचे, कारल्याचे मांडव, कोपऱ्यात शेवंती. पण खानदेशातला वैशाखातला वारा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, आणि त्याच्या तडाख्यातून वाचलेला बांबू वाळवी पोखरून टाकते. सलग दोन उन्हाळे जाई मांडवासकट जमिनीवर आडवी झाली. तेव्हा कोणीतरी सांगितलं, की सुपडू मिस्त्रींकडे लोखंडाचा टेकू करून मिळेल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दारात अक्काचा धाकटा भाऊ ओंकार बसला होता. हसतमुख, लाघवी, दोन वाक्यांत माणूस आपलासा करणारा. मी आत पाऊल टाकलं आणि ज्योत विझली. एक बाई उठून आतल्या दाराआड गेली. ओंकारने जमिनीवरचा काळा चष्मा उचलून कपाळावर चढवला आणि म्हणाला, “बोला मास्तर, काय करानं शे?” मी टेकूचं माप सांगितलं. पण चित्रकाराची नजर आधी हातांकडे जाते. त्याच्या हातांवर भाजल्याचा एकही ठिपका नव्हता.

चार दिवसांनी मी दुकानाच्या मागच्या बोळातून गेलो. अक्काला माझी चाहूल लागली, तिने मान वर केली, पण ज्योत मात्र विझवली नाही.

“आर्धा सांधा सोडता येस नही,” ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

त्या दिवसापासून त्या घराचं गुपित मला ठाऊक झालं. गावातले लोक सायकलीचे सांगाडे, इंजिनाचे तुटलेले भाग घेऊन येत, ओंकारशी बोलत, ओंकारच्या हाती काम सोपवून जात, आणि ते काम अक्का करी. नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईच्या हातच्या सांध्यावर कोण भरवसा ठेवणार, असा घरच्यांचा हिशेब होता. तो खोटाही नव्हता.

ही विद्या तिच्या हाती कशी आली, ते मला सुपडूआबांनीच सांगितलं. आबा रेल्वेच्या कामावर गॅसचं वेल्डिंग शिकलेले. चाळिशी उलटली आणि हात कापू लागला. पाण्याचा पेला धरवेना, तिथे ज्योत कशी धरवणार? त्याच सुमारास अक्का एक पेटी घेऊन माहेरी परतली होती. नवऱ्याने दुसरी बायको केली होती. आबा तिला म्हणाले, “मनगट धर, बेटा. मना हात कापस.” तिने बापाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि आबांनी काम केलं. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. बापाच्या हाताची प्रत्येक हालचाल, कुठे रेंगाळायचं, कुठून झटकन निसटायचं, लोखंड पाण्यासारखं चमकू लागलं की कोणत्या श्वासाला तार टेकवायची, हे सारं तिच्या पंजांत झिरपत गेलं. एके दिवशी आबांनी ज्योत तिच्या हाती दिली आणि स्वतःचा हात मागे घेतला. “माले वाटनं, मनाच हात शे, फक्त कापस नही,” असं म्हणून आबा हसले होते. हसताना त्यांच्या मांडीवरचा हात थरथरत होता.

आमच्या जाईचा टेकू करायचा म्हणून अक्का स्वतः घरी आली. वेलीच्या खोडाशी बसली, बोटांनी त्याची जाडी अजमावली, फांद्या हलकेच उचलून पाहिल्या. “वेल कितली जुनी शे?” तिने सुमतीला विचारलं. सुमती म्हणाली, चौथं वर्ष. “मंग आतेनं वजन नका सांगू, बाई. अजून पाच वरीसमा कितलं व्हई, ते धरनं पडी.” मला वाटतं, त्या प्रश्नात ती पूर्ण सामावलेली होती. झाडाचं भविष्यातलं वजन आजच अंगावर घेणारी बाई.

टेकू आला तेव्हा सुमती किती तरी वेळ त्याच्याभोवती फिरत राहिली. बैलगाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव कापून त्याचे पाय केलेले होते, जमिनीखाली फाकून मुळासारखे रुतणारे. वरची जाळी होती कापसाच्या गासड्या आवळायच्या पातळ पट्ट्यांची. त्या पट्ट्या इतक्या पातळ असतात, की ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर भोक पडावं. आणि तिथे एकही भोक नव्हतं, सांध्यांवर नुसत्या बारीक लहरी होत्या, वाळूवर वाऱ्याने उठाव्यात तशा. शिवाय पट्टीचं प्रत्येक टोक तिने ज्योतीने वितळवून गोल केलेलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, फुलं तोडताना बाईमाणसाचं लुगडं अडकायला नको, आणि कोवळ्या फुटव्याला खरचटायला नको.

पुढे मी त्या दुकानात वरचेवर जाऊ लागलो. वहीत तिच्या हातांची रेखाटनं करी. ती बोले फार थोडं, पण तिच्या मौनाला एक ऊब होती, राखेखालच्या निखाऱ्यासारखी. आवडलेलं काम पुरं झालं, की ती चष्मा कपाळावर सरकवून मागे सरकायची आणि ओठ मुडपून त्याच्याकडे पाहायची. तेवढीच तिची स्तुती, स्वतःच स्वतःला दिलेली. कारण दुसरं कोणी देणारं नव्हतं.

त्याच सुमारास जळगावला बागेचं एक प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. फुलं, भाज्या, केळीचे घड, आणि घरी बनवलेली बागेची साधनं, असा एक निराळा विभाग. मांडणीच्या कामात मदतीला मला बोलावलं होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि प्रत्येक वस्तूपुढे ठेवायच्या पाट्या मला लिहायच्या होत्या. मी उत्साहाने अक्काला म्हटलं, “तुम्ही एक टेकू करा. आपण तिथे मांडू.”

तिने चावी फिरवून ज्योत बारीक केली. मग तिने विचारलं, “तठे नाव लिखतस का?”

“लिहितात. मीच लिहिणार आहे.”

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्याला हसू म्हणता येणार नाही. पहाटे आभाळाची कड उजळावी, तसं काहीतरी होतं ते. त्यानंतरचे पंधरा दिवस ती त्या एका टेकूवर राबली. पंख्यासारखी उघडत जाणारी तीन मजली कमान, खालून रुंद, वर निमुळती. एकही सांधा दुसऱ्यापेक्षा जाड नाही. एकदा करून मोडली, पुन्हा केली. आबा खाटेवरून पाहत असत. ओंकार पट्ट्या घासून देई.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी जळगावला पाट्या लिहायला बसलो. भोवती कार्यकर्त्यांची लगबग. मी अक्काच्या वस्तूची पाटी पुढे ओढली, ‘द्वारका’ हा शब्द मनात जुळवला आणि ब्रश थबकला. पुढे कुणाचं नाव लिहायचं? नवऱ्याचं? त्याने टाकलेलं. बापाचं? मग लोक विचारणार, की नवरा असताना बापाचं का? आणि बाई वेल्डिंग करते म्हणजे काय, कुठे करते, मास्तरांना कसं ठाऊक, मास्तर तिथे का जातात? शेजारी बसलेला एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून डोकावला. “हे कोणाचं हो?” त्याने सहज विचारलं.

मी ब्रश टेकवला आणि लिहिलं: ओंकार सुपडू मिस्त्री, धुळे.

अक्षर अतिशय सुंदर आलं होतं. मी ते वाळू दिलं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, की तिची कुचेष्टा होऊ नये म्हणून मी तसं केलं. ते खरं नाही. कुचेष्टा माझी होईल, या भीतीने माझा हात वळला होता.

दुसऱ्या दिवशी अक्का, ओंकार आणि सुमती सकाळच्या मोटारीने आले. अक्काने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं होतं. ती तिसरीपर्यंत शिकलेली होती. जुळवून जुळवून वाचत असे. मी दूर एका खांबाशी उभा राहून पाहत होतो. ती आपल्या कमानीपाशी आली, थांबली, पाटीवर वाकली. तिचं बोट एकेका अक्षराखालून सरकत गेलं. ‘ओं’पाशी ते थबकलं, पुन्हा सुरुवातीला आलं, पुन्हा निघालं. धुळेपर्यंत पोचल्यावर तिने बोट उचललं आणि पदराने हात पुसले, कामानंतर पुसावेत तसे. तिने आजूबाजूला मला शोधलं नाही. तसं तिने शोधलं असतं, माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं असतं, तर माझं ओझं कदाचित थोडं हलकं झालं असतं.

त्या विभागाचं पहिलं बक्षीस त्या कमानीला मिळालं. ओंकारचं नाव पुकारलं गेलं. तो जागेवरून हलेना. त्याने माझ्याकडे पाहिलं; त्याच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता. अजूनही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवून त्याला जा म्हणून खुणावलं.

तो गेला. त्याच्या हाती प्रशस्तिपत्र आलं. परीक्षकांनी विचारलं, “एवढ्या पातळ पट्टीला भोक न पाडता सांधा कसा घेता?” तो खाली पाहत पुटपुटला, “सवयनं येस.” त्याचा हा विनय पाहून लोक आणखीच खूश झाले. बायकांच्या बाजूला अक्का टाळ्या वाजवत होती. इतरांच्या टाळ्या थांबल्यावरही तिच्या दोन टाळ्या मागे राहिल्या.

परतीच्या मोटारीत ओंकार माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “मास्तर, हाई बरं नही व्हयनं.” घरी पोचल्यावर सुमतीने मला पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, “पाटी तुम्हीच लिहिलीत ना?” मी हो म्हणालो. तिने रिकामा पेला उचलला आणि ती परसात निघून गेली.

आठवड्याने मी दुकानी गेलो. कारणं घोकून ठेवली होती. लोक काय म्हणतील, तुमच्याच भल्यासाठी, काम तर घराच्याच नावावर राहिलं. अक्काने सगळं ऐकून घेतलं. हातातली ज्योत तिने विझवली नव्हती, नुसती बाजूला धरली होती.

“मनं नाव लिखं असतं,” ती म्हणाली, “ते काय सांधा उकली जाता, मास्तर?”

ती पुन्हा कामाकडे वळली.

त्या प्रशस्तिपत्राने पुढे आपली वाट आपणच काढली. असोद्याच्या एका बड्या बागायतदाराने ते बक्षीस पाहिलं होतं. त्याला आपल्या बंगल्याच्या बागेसाठी तसेच टेकू हवे होते, पुष्कळ. जळगावला दुकान काढलंस तर काम तुटणार नाही, असं त्याने ओंकारला सांगून पाठवलं. ओंकार नको म्हणत होता. पण आबांना घराण्याचं नाव जळगावात लागलेलं पाहायचं होतं, आणि कापणाऱ्या हाताचा बाप काही मागतो तेव्हा त्याला नाही म्हणणं कठीण असतं. बेत असा ठरला, की पुढे ओंकारने बसायचं, मागच्या खोलीत अक्काने काम करायचं, मध्ये पडदा. धुळ्यात हेच तर चाललं होतं.

पण अक्का या वेळी नाही म्हणाली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. “पडदामांगे बसीसन मी आते काम नही करस,” एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नळ्या गुंडाळल्या, चाव्या तेल लावून फडक्यात बांधल्या आणि सगळा संच स्वतःच्या हातांनी गाडीत चढवून ओंकारच्या हवाली केला. काळा चष्मासुद्धा. मी तिथे उभा होतो. सुतळीची गाठ तिने आधी सोडून घेतली होती.

जळगावात ओंकारचं दुकान सात-आठ महिने तगलं. भिंतीवर माझ्या गुन्ह्याची साक्ष चौकटीत लटकत होती आणि खाली तो बिचारा पट्ट्यांना भोकं पाडत होता. बागायतदाराच्या बंगल्यातले टेकू पहिल्याच वाऱ्यात सांध्यांतून सुटले. माणसं कुजबुजू लागली, की बक्षीस मिळाल्यावर मिस्त्रीच्या डोक्यात हवा गेली, काम वाईट करायला लागला आहे. ज्याला कधी ते काम येतच नव्हतं, त्याच्यावर ते विसरल्याचा ठपका आला. त्याने संच विकला आणि धरणगावला एका जिनिंगमध्ये हमाली धरली. पुढे दोन-तीनदा मला भेटला. तेच लाघवी हसू. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याच्या त्या भलेपणासमोर मला मान वर करता येत नसे. आबा त्याच पावसाळ्यात गेले. दुकानाचे पत्रे उतरले. अक्का पहूरला मावशीकडे गेल्याचं कळलं.

मी तिला पत्र लिहायला घेई आणि फाडून टाकी. अशी चार वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर सुमती म्हणाली, “कागदावर जमत नसेल तर जाऊन या.” मी प्रदर्शनाच्या समितीला उद्देशून एक निवेदन तयार केलं. कमान द्वारका सुपडू मिस्त्री यांनी घडवली होती, नाव चुकवण्याचा दोष माझा, दुरुस्ती व्हावी. खाली सही केली आणि ते घेऊन पहूर गाठलं.

कापसाची वेचणी चालली होती. शेताच्या बांधावर ती भेटली. ऊन कलतं होतं आणि पांढऱ्या बोंडांवर त्याची केशरी साय धरली होती. अक्काचे केस कानांजवळ पिकले होते. मला पाहून ती हसली, ओटीतला कापूस गाठोड्यात रिता केला आणि मडक्यातलं पाणी दिलं. सुमतीची चौकशी केली. ओंकारला पोरगी झाल्याचं सांगितलं. हातांवरचे भाजल्याचे ठिपके फिकट होऊन गेले होते. बोंडांच्या काट्यांचे नवे ओरखडे त्यांवरून गेले होते.

मी निवेदन वाचून दाखवलं. वाचून संपलं, तरी ती समोरच्या शेताकडे पाहत राहिली.

“उद्याच देऊन टाकतो,” मी म्हणालो. “उशीर झाला, अक्का. पण सगळ्यांना कळेल.”

“जिनं नाव तुम्ही लिखी लई उनात,” ती म्हणाली, अगदी सौम्यपणे, जणू मलाच कशाबद्दल तरी धीर देत होती, “ती बाई ते कव्हयनीच गयी, मास्तर.”

मग तिला कोणीतरी हाक मारली. ती उठली, कमरेची ओटी नीट केली आणि ओळींमधून पुढे पुढे चालत गेली. मी ते निवेदन समितीच्या पत्त्यावर पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. पहूरला मी पुन्हा गेलो नाही. जाऊन काय झालं असतं, हे मला त्या बांधावरच कळलं होतं: क्षमा मागण्याचीही एक वेळ असते, ती टळून गेली की आपण हातभर अंतरावर बसून बोलत असतो, समोरचं माणूस पाणी देत असतं, हसत असतं, आणि ज्याचं आपण देणं लागतो ते कधीच उठून गेलेलं असतं.